चोरीला गेलेलं कडवं

१

गाणं सुरू होऊन दीडेक मिनिट झालं आणि ड्यूई स्टॅलर्डच्या हातातली टोपी गळून पडली. त्यानं ती उचलली नाही.

मंगळवारची सकाळ होती. पाइन गॅपच्या रेडिओ स्टेशनचा स्टुडिओ तो केवढा! एक टेबल, एक मायक्रोफोन, तबकड्या वाजवायची दोन यंत्रं, आणि तिसरा माणूस आत आला की सगळ्यांनी पोट आत घ्यायचं. टेबलाशी ओपल मेयफील्ड बसली होती. काचेपलीकडे स्टेशनचा तंत्रज्ञ अर्लिस कूम्ब्स. आणि दाराला टेकून, रविवारचा इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता पशुखाद्याचा दुकानदार ड्यूई. वय बावन्न. या माणसानं जन्मात एकच गाणं लिहिलं आणि मासेमारीची लाडकी बोट विकून त्याच्या तीनशे तबकड्या काढून घेतल्या. 'चार वाजताची बस' असं गाण्याचं नाव. आज ते पहिल्यांदाच रेडिओवर लागत होतं, आणि घरी तबकडी वाजवायचं यंत्र नसल्यानं ड्यूईही तबकडी पहिल्यांदाच ऐकत होता.

गाणं मोठं गोड होतं. एक मुलगी चारच्या बसनं गाव सोडून जाते, एक मुलगा गावातच राहतो, बस दर शुक्रवारी येते नि जाते. एवढंच. पण ड्यूईचा आवाज मधेच जरा कापायचा, आणि तो कापला की ऐकणारा हातातलं काम थांबवायचा.

"ऐकलंत ना मंडळी?" ओपल मायक्रोफोनवर म्हणाली. "आपल्या ड्यूईचं आहे. त्याच्या दुकानात कोंबड्यांचं खाद्य घ्यायला जाल तेव्हा तबकडीही मागा. आता पुढची बातमी, मिसेस ग्रबची तपकिरी गाय कुंपण तोडून गेली आहे, कुणाला दिसली तर कळवा." मग तिनं जाहिरात लावली, मायक्रोफोन बंद केला आणि वळली. "अरे, झालं काय तुला? भूत पाहिल्यासारखा उभा आहेस."

"ओपल," ड्यूई हळूच म्हणाला, "माझं तिसरं कडवं कुठाय?"

"म्हणजे?"

"गाण्याला चार कडवी आहेत. मी चार गायलो. यात तीनच आहेत. तिसरं कुणीतरी काढून घेतलंय."

काचेपलीकडे अर्लिसच्या हातून कॉफीचा कप कलंडला.

२

ओपल मेयफील्डची तिकडे ख्याती अशी की हरवलेलं तिला सापडतं. रोज सकाळी तिचा देवाणघेवाणीचा कार्यक्रम असायचा. कुणाला जुना ट्रॅक्टर विकायचा आहे, कुणाचा कुत्रा हरवलाय, कुणाची कवळी चर्चच्या जेवणात राहिली, सगळं तिच्याकडे. आवाजावरून ती माणूस ओळखायची आणि फोनवर थापा मारणारा तर तिसऱ्या शब्दाला पकडायची. तिच्या टेबलामागे भिंतीवर तंबाखूचं एक वाळकं पान फ्रेम करून लावलेलं होतं. स्टेशनवर लागली त्याच आठवड्यात, एकोणीस वर्षांच्या ओपलनं तंबाखूच्या लिलावाचे भाव पंचवीस मिनिटं एकही चूक न करता वाचले, म्हणून वखारवाल्यानं खूश होऊन दिलेलं. ही गोष्ट तिनं गावात प्रत्येकाला निदान तीनदा सांगितली होती. ऐकणारे बिचारे चौथ्यांदाही ऐकायचे.

"बस इथं," तिनं ड्यूईला खुर्ची दिली. "आता सांग. एक कडवं गेलं तर एवढं काय बिघडलं? गाणं तसंही चांगलंच वाटलं."

ड्यूईनं पडलेली टोपी उचलून मांडीवर ठेवली.

"बाकीची तीन कडवी मी लोकांसाठी लिहिली," तो म्हणाला. "ते एक तिच्यासाठी होतं. लुरीनसाठी."

लुरीन हॅकलर. ओपलला नाव ऐकून माहीत होतं. बापानं दुसरीकडे लग्न ठरवलेलं, आणि ही ड्यूईच्या मागे. मग ती एकाएकी गाव सोडून गेली. पुढे तिचं लग्न झालं, संसार झाला, नवरा वारला. अलीकडे ती डोंगरापलीकडच्या खोऱ्यात मुलीकडे येऊन राहिली होती.

"आमचं ठरलं होतं," ड्यूई सांगू लागला. "तिच्या घरात फोन नाही, चिठ्ठी बापाच्या हाती पडायची. म्हणून ती म्हणाली, मी दुपारच्या फर्माइशीत तुझ्या नावानं गाणं लावायला सांगेन. गाणं लागलं तर समज मी घर सोडलं. बॅग घेऊन चारच्या बसला ये, दोघं जाऊ. नाही लागलं तर समज माझं मन बदललं." तो थांबला. "नाही लागलं. ती एकटीच गेली. अठ्ठावीस वर्षं मी तिला एकच विचारायचं म्हणतोय, की बाई गं, मन बदललं तर बदललं, निदान तसं तोंडानं सांगून जायचंस. दारात जाऊन विचारायची हिंमत नाही. गाण्यात होती. आता तेही गेलं."

"म्हणून दाखव."

"बोलता नाही यायचं. गाता येईल." आणि डोळे मिटून तो पुटपुटल्यासारखा गायला:

"शुक्रवारी दुपारी रेडिओला लावून होतो कान,
तू म्हणालीस, गाणं लावीन, तेच आवतण मान.
तंबाखूचे भाव ऐकले, एकूण एक ऐकत बसलो,
तुझं गाणं आलंच नाही, मी माझ्यावरच हसलो."

ओपलनं डोळे पुसले आणि मग तिला राग आला. असं कडवं चोरणारा माणूस आपल्या गावात राहतो, म्हणजे काय? छडा लावल्याशिवाय ती गप्प बसणारी नव्हती.

"जाऊ दे ना, ओपल," अर्लिस काच सरकवून म्हणाला. "तबकडीच्या कारखान्यात काहीतरी घोटाळा झाला असेल."

"कारखान्याला कुठलं आलंय तिसरं नि चौथं? हे गावातल्याचंच काम आहे. गाडी काढ."

अर्लिसनं गाडी काढली. ओपलनं सांगितलं आणि त्यानं केलं नाही, असं कधी झालंच नव्हतं.

३

हर्शेल बेट्सचं दुकान टीव्ही नि इस्त्र्या दुरुस्तीचं. मागच्या गॅरेजला अंड्यांचे ट्रे ठोकून त्यानं स्टुडिओ केला होता. गाणं तिथंच ऑगस्टमध्ये एका शनिवारी रेकॉर्ड झालं. अर्लिस म्हणाला, "तू जा आत, मी टायर बघतो," आणि बाहेरच थांबला.

"मी?" हर्शेलचा आवाज चढला. "मी कशाला कापू? बरं, वाद झाला, कबूल. मी ड्यूईला म्हणालो, बाबा, पावणेचार मिनिटांचं गाणं कुठलाच रेडिओवाला लावत नाही. एक कडवं उडव. तो म्हणाला, त्यापेक्षा मी गाणंच उडवतो. संपला विषय."

"मूळ टेप दाखव."

कारखान्यानं टेप परत पाठवली होती. हर्शेलनं ती यंत्रावर चढवली, हातानं फिरवत नेली आणि थबकला. तपकिरी फितीवर एक छोटीशी पांढरी पट्टी होती. ब्लेडनं कापून, तुकडा काढून, दोन्ही टोकं अशी जुळवलेली की नखालाही जाणवू नये.

"हात सराईत आहे," हर्शेल स्वतःशीच म्हणाला. मग त्यानं कपाळावर हात मारला. "तरीच. मी म्हणतच होतो."

"काय म्हणत होतास?"

"शनिवारी रात्री टेप कपाटात ठेवली. सोमवारी पॅक करायला काढली तर ती उलटी फिरवून सुरुवातीला आणलेली. आम्ही स्टुडिओवाले असं कधी करत नाही, ओपल. वाजवून संपली की तशीच, शेवट बाहेर ठेवून कपाटात टाकायची. टेप जास्त टिकते. वाजवायच्या वेळी फिरवून घ्यायची. मला माझ्या बापानं हेच शिकवलं, डोळे मिटूनही मी दुसरं करणार नाही. वाटलं, म्हातारा झालास हर्शेल, विसरलास. टपालाची गाडी सुटत होती, तशीच पाठवून दिली. ऐकलीसुद्धा नाही."

"म्हणजे रविवारी कुणीतरी आलं होतं. कुलूप?"

"किल्ली कुंडीखाली असते."

"कुणाला माहीत आहे?"

"कुणाला माहीत नाही ते विचार."

रविवारी सकाळी हर्शेल चर्चमध्ये दानाची ताटं फिरवतो, हे ओपलला ठाऊक होतं. त्याचं ताट तिच्यासमोरून गेलं होतं. मग शनिवारी रेकॉर्डिंगला आणखी कोण कोण होतं, ते तिनं विचारलं.

"ड्यूई. स्टील गिटारवर कॉय लेडफर्ड. सँडविच घेऊन ड्यूईची बहीण हॅटी. तिनं तिसरं कडवं ऐकलं नि थाळी आपटून निघून गेली." हर्शेलनं डोकं खाजवलं. "आणि मायक्रोफोन बांधायला तुझा अर्लिस. बस."

४

कॉय लेडफर्ड न्हावी. गिऱ्हाइकाच्या गालावर साबण फासून तो वस्तरा हवेतच धरून ओपलशी बोलत होता, आणि गिऱ्हाईक बिचारं एका डोळ्यानं वस्तऱ्याकडे बघत होतं.

"ओपलबाई, मला विचारता? तिसरं कडवं गेलं, त्याच्यामागं काय गेलं माहितेय? माझा सोलो. वीस सेकंद. आयुष्यात मी एवढा बरा कधी वाजवला नाही. आज सकाळी बायकोला रेडिओपाशी बसवलं, म्हटलं, आता ऐक. आणि गाणं संपलंच. ती म्हणाली, तू आहेस कुठं यात?" त्यानं वस्तरा खाली आणला. "चोर सापडला की आधी माझ्याकडे पाठवा. फुकट दाढी करून देतो."

स्वतःचा सोलो कापणारा वादक अजून जन्माला यायचाय. ओपलनं त्याचं नाव यादीतून काढून टाकलं आणि दाराकडे निघाली.

"पण काही करायचं तर लवकर करा," कॉय मागून म्हणाला. "लुरीनचा जावई परवा इथंच बसला होता. ओहायोत कारखान्यात नोकरी लागलीय त्याला. शनिवारी सगळं बिऱ्हाड हलतंय. सासूसकट."

ओपल दारातच थांबली. ओहायोपर्यंत पाइन गॅपचा रेडिओ पोचत नव्हता. मंगळवार तर अर्धा संपला होता.

५

राहता राहिली हॅटी. ड्यूईची थोरली बहीण, लग्न न केलेली, जिभेला धार. लुरीनचं नाव घरात काढलेलं तिला खपत नसे. अर्लिसनं याही वेळी गाडीतच बसून राहायचं ठरवलं. म्हणे, कार्बुरेटर आवाज करतोय.

हॅटीनं ओपलसमोर मक्याची पोळी नि सोयाबीनच्या दाण्यांएवढ्या बारीक घेवड्याची उसळ आदळली. तिचा पाहुणचार असाच असायचा.

"मिस हॅटी, तुम्ही थाळी आपटून का गेलात?"

"का म्हणजे? रडू येत होतं. चारचौघांत रडायची मला सवय नाही." हॅटीनं पदर नसलेल्या एप्रननं नाक पुसलं. "मला वाटायचं, पोरगी उथळ होती, गेली ती बरं झालं. तो मात्र त्या दुपारी काय बसला होता गं. रेडिओला कान चिकटवून. पाव थंड झाले, रस्सा थिजला. आणि रेडिओवर ते मेलं लिलावाच्या भावांचं रडगाणं. वखार उघडल्याचा पहिलाच आठवडा, यादी ही लांबलचक. वाचणारी पोरगी थांबायलाच तयार नाही. मी म्हटलं, ड्यूई, उठ. तो म्हणाला, एवढे भाव संपले की लागेल."

ओपलचा घास क्षणभर तोंडातच राहिला. काहीतरी टोचल्यासारखं झालं, पण काय ते तिला कळेना.

"त्या रविवारी, रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही कुठे होता?"

"इथंच. पाय सुजला होता, चर्चला गेले नाही. रेडिओवर प्रवचन ऐकलं. आणि बरं आठवलं, अर्लिसला सांग, प्रवचन संपल्यावर रेडिओ मुका झाला होता. चांगली तीन मिनिटं. शेवटची प्रार्थना झाली नि सगळं गप्प. मला वाटलं, मीच बहिरी झाले."

ओपल हसायला गेली आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

हॅटी घरीच होती, हे तर सिद्ध झालं. चर्चमध्ये बसलेल्याला रेडिओ मुका झाल्याचं कळणार नाही. पण रविवारी सकाळी चर्चचं प्रवचन तारेनं स्टेशनवर यायचं आणि तिथून आपोआप हवेत जायचं. पाऊण तास तिथल्या माणसाला बोटसुद्धा हलवावं लागत नसे. प्रवचन संपलं की मात्र त्यानं पुढची टेप लावायची. तो माणूस खुर्चीत असेल तर.

"मिस हॅटी," ती उठत म्हणाली, "उसळ छान झालीय." आणि अर्धी ताटात टाकून ती बाहेर आली.

परतीच्या वाटेवर ती स्टिअरिंगवरच्या अर्लिसच्या हातांकडे बघत होती.

६

स्टेशनवर संध्याकाळच्या बातम्यांची टेप संपली. अर्लिसनं ती यंत्रावरून काढायच्या आधी बटण दाबलं. फीत सरसर उलटी फिरून सुरुवातीला आली, मगच त्यानं ती डब्यात ठेवली. ओपल काचेतून बघत होती. अठ्ठावीस वर्षं ती हेच बघत आली होती.

"अर्लिस, तू टेप नेहमी सुरुवातीला का आणून ठेवतोस?"

"रेडिओचं असंच असतं ना? बटण दाबलं की लागलीच पाहिजे. शोधत बसायला वेळ कुठं असतो?"

"हर्शेलच्या स्टुडिओत असं करत नाहीत."

अर्लिसचा हात डब्यावरच राहिला.

"रविवारचं प्रवचन पंचेचाळीस मिनिटांचं," ओपल पुढे बोलत गेली. "हर्शेलचं दुकान इथून पाच मिनिटं. तुला वाटलं, आरामात येईन. पण तुकडा नीट जुळवल्याशिवाय तुझ्या जिवाला चैन पडेना आणि उशीर झाला. काम संपल्यावर हातांनी सवयीनं टेप सुरुवातीला आणून ठेवली. रेडिओ तीन मिनिटं मुका राहिला. तुझ्या हातून असं कधी घडलं नव्हतं." तिचा आवाज फाटला. "अरे, त्या गरीब माणसानं बोट विकली रे. ड्यूईनं तुझं काय वाकडं केलं होतं?"

"काहीच नाही," अर्लिस म्हणाला.

तो उठला. सुट्या भागांच्या फळीमागून त्यानं तंबाखूचा एक जुना पत्र्याचा डबा काढला आणि तिच्यासमोर ठेवला. त्यात तपकिरी फितीचं एक वेटोळं होतं, रबर लावून जपून ठेवलेलं.

"टाकवेना," तो म्हणाला. "त्याचा आवाज आहे त्यात."

फितीखाली एक पिवळं पडलेलं कार्ड होतं. फर्माइशीची कार्डं पूर्वी टेबलावरच्या खिळ्याला टोचून ठेवत, त्याचं भोक मधोमध. ओपलनं ते उजेडात धरलं.

'शुक्रवार, १२ डिसेंबर १९४७. ड्यूई स्टॅलर्डसाठी व्हायोलिनचं कुठलंही छानसं गाणं. कृपा करून आजच लावा. उद्या उपयोग नाही. ल.'

'आजच'च्या खाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.

ओपल खुर्चीत बसली. डिसेंबर सत्तेचाळीस. वखार उघडल्याचा पहिला आठवडा. लांबलचक यादी. वाचणारी पोरगी थांबायलाच तयार नाही. तिची नजर आपोआप भिंतीवरच्या तंबाखूच्या पानाकडे गेली.

एकच्या ठोक्याला मोठ्या शहराच्या बातम्या जोडाव्या लागत, त्यात एक सेकंद इकडेतिकडे चालत नसे. त्या दिवशी भाव संपले तेव्हा दोन मिनिटं उरली होती आणि खिळ्याला तीन कार्डं होती. तिनं ती वाचलीही नव्हती. 'सोमवारी बघू,' असं म्हणून ती तशीच ठेवली होती. उरल्या वेळात स्टेशनच्या साहेबांनी तिची पाठ थोपटली होती.

"सोमवारी सकाळी मी कार्डं चाळली," अर्लिस सांगत होता. "तोवर लुरीन गेल्याचं गावभर झालं होतं. दोन नि दोन चार करायला कितीसा वेळ? मी ड्यूईकडे निघालोसुद्धा होतो. दारापर्यंत आलो, तर तू आत एकटीच गुणगुणत होतीस. ते पान भिंतीवर लावत होतीस. इतकी आनंदात होतीस, ओपल. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. मग परवा. मग लुरीनचं लग्न झाल्याचं कळलं. त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार होतो? ऑगस्टमध्ये ड्यूई ते कडवं गायला नि माझ्या पायाखालची जमीन सरकली. ते रेडिओवर लागलं असतं तर आज ना उद्या तुला कळलं असतं. कडवं मी त्याच्यावर राग म्हणून नाही कापलं."

"माझ्यासाठी कापलंस."

अर्लिसनं डबा तिच्याकडे सरकवला. त्यानं ओपलच्या लग्नात खुर्च्या मांडल्या होत्या, तिच्या नवऱ्याची शवपेटी खांद्यावर नेली होती, आणि गेली दहा वर्षं दर थंडीत न सांगता तिच्या गाडीची बॅटरी बदलून देत होता. एवढ्या वर्षांत ओपलला गावातल्या सगळ्या हरवलेल्या वस्तू सापडल्या, पण ही एक गोष्ट डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. ती दिसली आणि तिला एकाच वेळी मायाही दाटून आली नि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली.

"तू मला जपलंस, अर्लिस," ती शेवटी म्हणाली. "आणि त्या दोघांना वाऱ्यावर सोडलंस. मी चुकले ते नकळत. तू मात्र सगळं कळून गप्प बसलास. हे मी विसरणार नाही."

"नको विसरूस."

"तुकडा जोडता येईल परत?"

"येईल."

"मग जोड. आणि किल्ली घेतली की परत कुंडीखाली ठेवायची ही आपली पद्धत, तसं हे कार्डही ज्याचं त्याला नेऊन द्यावं लागेल. उद्या ड्यूईकडे जायचं. दोघांनी. टायर बघत बाहेर थांबायचं नाही."

७

ड्यूई दुकानात पोती रचत होता. ओपलनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. तिनं स्वतःची बाजू मांडली नाही आणि अर्लिसचीही मांडली नाही. मग कार्ड पोत्यावर ठेवलं.

ड्यूईनं ते वाचलं. परत वाचलं. अर्लिस भिंतीला टेकून मार खायच्या तयारीनं उभा होता.

"म्हणजे," ड्यूई म्हणाला, "ती आली होती."

"ड्यूई, माझी चूक..."

"ते असू दे गं. ती आली होती ना? बस थांब्यावर बसली असेल. तिथं रेडिओ नव्हता. तिला वाटलं असेल, गाणं लागलं नि मीच आलो नाही." तो पोत्यावर खाली बसला. "मी एवढी वर्षं तिला बोल लावत होतो. आणि ती मला लावत असेल."

मग ओपल म्हणाली, "शनिवारी ते लोक ओहायोला निघालेत. आम्ही गाडी घेऊन आलोय. आत्ता चल तिच्या दारात."

ड्यूईनं मान हलवली. "दारात जाऊन उभा राहिलो तर लेकीजावयासमोर तिला नाही म्हणणं अवघड जाईल. रेडिओ बरा. नको असेल तर बंद करता येतो." कार्ड त्यानं ओपलच्या हातात परत दिलं. "तिनं हे तुझ्याकडे वाचायला दिलं होतं, ओपल. वाच की."

तो अर्लिसशी मात्र बोलला नाही. ते दोघं निघताना फक्त म्हणाला, "ते कडवं नीट जोडशील ना?" आणि अर्लिसनं मान डोलावली.

८

शुक्रवारी दुपारी ओपलनं मायक्रोफोन उघडला.

"मंडळी, आज भाव नाहीत, हरवलेल्या गाईही नाहीत. आज मला एक फर्माईश वाचायची आहे. ती अठ्ठावीस वर्षांपूर्वी माझ्याकडे आली होती. त्या दिवशी मी तंबाखूचे भाव वाचत बसले आणि ही वाचली नाही. ज्यानं ऐकायची तो शेवटपर्यंत कान लावून बसला होता. जिनं पाठवली तिला वाटलं त्यानं ऐकली. चूक दोघांचीही नव्हती, माझी होती. ती भाव वाचल्याची फुशारकी मी तुम्हा सगळ्यांना सांगत आले, त्याचीही मला लाज वाटते." मग तिनं कार्ड वाचलं, तारखेपासून खालच्या अक्षरापर्यंत. "व्हायोलिन नाही, स्टील गिटार आहे, तेवढं चालवून घ्यावं. आणि एक सांगायचं राहिलं. बस अजूनही चार वाजताच येते."

अर्लिसनं टेप सोडली. चारही कडवी वाजली, कॉयचा सोलोही वाजला. पांढऱ्या पट्ट्या दोन झाल्या होत्या, पण कुठं खट्ट झालं नाही.

बस थांबा स्टेशनच्या खिडकीसमोरच, रस्त्याच्या पलीकडे. साडेतीनलाच ड्यूई येऊन बाकावर बसला. शेजारी बॅग होती. जुनीच असावी, कारण तिला दोरी बांधलेली होती. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकं दाढी अर्धी टाकून काचेला नाक लावून उभी होती. हॅटी एप्रनसकट आली होती आणि रडत नसल्याचं दाखवत होती.

चारला बस आली. दोन माणसं उतरली, एक चढलं, आणि ती निघून गेली. बाकावर ड्यूई एकटाच होता. ओपलनं अर्लिसची बाही धरली ती सोडली नाही.

चार वाजून सहा मिनिटांनी कोपऱ्यावरून एक गाडी आली. टपावर उद्याच्या प्रवासासाठी गाद्या नि खुर्च्या बांधलेल्या. तिच्यातून एक पिकल्या केसांची बाई उतरली, आतल्या माणसांना काहीतरी म्हणाली आणि रस्ता ओलांडून बाकाशी आली. ड्यूई उठून उभा राहिला. टोपी त्याच्या हातातून परत पडली, आणि या वेळी ती तिनं उचलली.

दोघं काय बोलत होते ते खिडकीतून ऐकू येत नव्हतं. आवाजावरून माणूस ओळखणाऱ्या ओपलला जन्मात पहिल्यांदा वाटलं, बरं आहे, ऐकू येत नाही ते. बाई बोलता बोलता हसली, मग तिनं डोळ्यांना रुमाल लावला, आणि मग ती बाकावर बसली. बॅगेच्या पलीकडे नाही, अलीकडे, त्याच्या शेजारी.

"अर्लिस," ओपल बऱ्याच वेळानं म्हणाली, "काही वाजत नाहीये."

आत गाण्यानंतर लावलेली तबकडीही केव्हाच संपली होती. रेडिओ मुका होता, तीन तालुक्यांत, चांगली पाच मिनिटं तरी. फोनचे दिवे एकामागून एक लागत होते.

"लावतो," अर्लिस म्हणाला, पण हलला नाही.

"राहू दे जरा," ओपल म्हणाली, आणि त्याची बाही सोडून तिनं हात धरला.